पंचांना न दिसलेला पाय

दिवाळीनंतर भातं कापून झाली, की पालघरहून बोईसरला जाताना मोकळ्या झालेल्या शेतांत कुठे ना कुठे चार-दोन माणसं रोलर ओढताना दिसतात. कुणी बादलीनं पाणी शिंपडतंय, कुणी चाळलेली माती पसरतंय. मग मला कळतं, हंगाम आला. आमच्याकडे कबड्डीचा हंगाम थंडीचा. आता ठिकठिकाणी मॅट आल्या, बूट आले. तरी गावच्या स्पर्धा अजून मातीवर होतात, आणि त्या ओल्या मातीचा, फक्कीच्या पांढऱ्या पट्ट्यांचा वास नाकात शिरला की माझे गुडघे आपोआप वाकतात. चाळिशी गाठली तरी वाकतात. शेजारी बसलेल्या माणसाला वाटतं, बाईला गाडी लागली असावी.

अशा वेळी सगळे हंगाम आठवायला हवेत. मी पुष्कळ खेळले. जिंकलेले चषक माहेरी मुरब्याला आईच्या कपाटावर अजून आहेत. पण आठवतो एकच हंगाम, ज्यात आम्ही काही जिंकलो नाही. सुनंदाताईचा.

लग्न होऊनही मी गावातच, आईजवळ राहायचे, आणि त्या वर्षी मुरब्याच्या महिला संघाची कप्तान होते. बचावात डावा कोपरा माझा. सकाळी सराव, मग शेअर रिक्षानं बोईसरला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला, संध्याकाळी परत सराव. अंगाला एकीकडे कारखान्याचा उग्र दर्प, दुसरीकडे अंगणात वाळणाऱ्या बोंबलांचा. नवरा म्हणायचा, तुझ्या अंगावरून आपला अख्खा तालुका ओळखता येतो. आमची पकड चांगली होती. चढाई मात्र एकट्या पल्लवीवर. पल्लवी मनोरकडच्या एका वारली पाड्यातली, शिकायला मुरब्यात मामाकडे राहिलेली. चपळ होती, पण एकोणीस वर्षांची. दोनदा सलग बाद झाली की तिचे डोळे भरायचे.

तेव्हा एके सकाळी आमचे प्रशिक्षक नाना अंगणात आले. नाना मूळचे मच्छीमार. होडी मुलांच्या हाती दिल्यापासून संघ हाच त्यांचा संसार होता. बोंबलांच्या मांडवाखालून वाकून आत येत त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"मंगल, विक्रमगडची सुनंदा यायला तयार हाय."

आईच्या हातातली टोपली थांबली. "ती? जिनं मॅच विकली ती?"

"विकली असं लोक बोलतात," नाना म्हणाले. "कोणी बघितलं नाय."

"मग घ्यायची का?" मी विचारलं.

"तू कप्तान. तू सांग. पन तिच्यासारखी चढाई या पट्ट्यात कोन करत नाय, ते बी खरं."

सुनंदाताईची गोष्ट तोवर साऱ्या जिल्ह्याला पाठ झाली होती. डहाणूकडच्या एका संघाकडून उपांत्य सामना खेळताना शेवटच्या चढाईला ती गेली, तेव्हा तिचा संघ एका गुणानं पुढे होता. तिनं फक्त जवळची निदान रेषा ओलांडून, वेळ काढून परत यायचं होतं. नवशिकी मुलगीसुद्धा तेवढं करते. सुनंदाताई मात्र सरळ आत घुसली, कोपऱ्यापर्यंत, आणि पाच जणींच्या खाली सापडली. गुण बरोबरीत आले, जादा वेळेत सामना हातचा गेला. समोरचा संघ होता बोईसरच्या एका ठेकेदारानं पोसलेला. आणि पुढच्या पंधरवड्यात सुनंदाताईचा नवरा त्याच ठेकेदाराच्या हाताखाली कामाला लागला.

एवढंच. पण एवढं पुरतं. कुणीही काहीही सिद्ध केलं नाही. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गुण दिसला, गेले." नवऱ्याच्या नोकरीचं विचारलं तर म्हणाली, "त्याला काम मिळालं त्यात माझं काय?" त्या संघानं तिला काढलं. पुढे आणखी एका संघानं घेतलं, तिथे ती प्रशिक्षकाशी भांडून निघाली. मग दोन हंगाम घरीच.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी हा प्रश्न टाकला तेव्हा सगळ्यांचीच मतं तयार होती. साताऱ्याकडच्या एक वहिनी म्हणाल्या, "दुभत्या गाईच्या लाथा गोड. घ्या की." मशीनवरचा बिहारचा भैया म्हणाला, "दीदी, एक बार जो बिका, वो बिका." सुपरवायझर क्रिकेटवाला. त्यानं मोठमोठ्या खेळाडूंची यादीच काढली, ज्यांच्यावर काय काय आरोप झाले आणि ज्यांना नंतर संघांनी हौसेनं घेतलं. "चषक आला की लोक विसरतात," तो म्हणाला. "चषक आला तर," वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. मी डबा बंद केला. मला त्यातलं कुणाचंच खोटं वाटलं नाही, आणि तीच अडचण होती.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं. त्या वर्षी जिल्ह्याचा संघ निवडायला येणारे लोक हंगामातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना बघणार होते, आणि विजेत्या संघातल्या मुलींना आधी बोलावणार, हे उघड गुपित होतं. माझं सोडा, माझं वय झालं होतं. पण पल्लवी जिल्ह्याकडून खेळली असती तर राज्यापर्यंत गेली असती, आणि खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात लागली असती. तिच्या पाड्यातली माणसं पाऊस संपला की वीटभट्ट्यांवर जातात. तिचे आईबाप त्या वेळीही भिवंडीकडे गेलेले होते.

सुनंदाताई आली ती एका पिशवीनिशी, हंगामभर मुरब्यातच राहायला. पस्तिशीची, सडपातळ, पोटऱ्या मात्र दोरखंडासारख्या पिळलेल्या. मुलींनी तिच्याकडे पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं. तिला ते दिसलं असणारच. तिनं पिशवी ठेवली, मैदानाच्या मातीला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाली, "चला, कोन पकडतंय मला?"

कुणीच पकडू शकलं नाही. मी इतक्या वर्षांत अनेक चढाया पाहिल्या. तिची वेगळी होती. ती घाई करत नसे. "कबड्डी कबड्डी" इतक्या खालच्या पट्टीत म्हणायची की जणू शेजारणीशी काही बोलते आहे. खांदा एकीकडे वळायचा, डोळे दुसरीकडे, आणि आपण त्या दोन्हींचा हिशोब लावेपर्यंत पायाचा अंगठा आपल्या नडगीला लागून परत गेलेला असायचा. मी कोपऱ्यात उभी राहून तिच्यावर झेप घेतली आणि रिकामी माती मिठीत घेऊन उठले. मुली टाळ्या वाजवायला गेल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि हात खाली आले.

तो हंगाम आठवताना मला पहिल्यांदा हेच आठवतं: अर्ध्यावर थांबलेले हात. ती चांगली खेळली की आम्ही म्हणायचो, खेळणारच, तिला येतं सगळं. चुकली की गप्प व्हायचो. बाकी कुणीही चुकलं तर ती चूक. तिनं केली तर ती खूण. केळव्याच्या स्पर्धेत तिची एक चढाई फसली, तर परतीच्या टेम्पोत सगळ्या बाहेर बघत राहिल्या. मीही. तिच्या हातात फोन दिसला की मान वळायची. एकदा तिचा नवरा तिला न्यायला आला, मोटारसायकलवर, अंगात त्या ठेकेदाराच्या माणसांचा निळा शर्ट. आमच्या दोन मुलींनी मैदानाच्या कडेला उभं राहून त्याला नखशिखांत पाहिलं. तो बिचारा किंवा लबाड, काय असेल ते, मान खाली घालून आरसा पुसत बसला.

संशयाचं असं असतं. तो एकदा घरात आला की पाहुण्यासारखा ओटीवर बसत नाही. थेट चुलीपाशी जातो, भांडी उघडून बघतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचं तोंड पोळलंसुद्धा नव्हतं. आम्ही दुसऱ्याच्या पोळलेल्या तोंडावरून फुंकर घालत होतो.

फक्त पल्लवी तशी नव्हती. सराव संपल्यावर ती सुनंदाताईच्या मागे मागे असायची. दोघी खाडीच्या बाजूला ओल्या वाळूत जायच्या, सुनंदाताई वाळूवर काठीनं रेघा मारायची आणि तिला पुन्हा पुन्हा पळवायची. "रडू नको," ती म्हणायची. "बाद झालीस तर बस खाली नि बघ. बसलेल्याला जास्त दिसतं." महिन्याभरात पल्लवीचं रडणं थांबलं. मी एकदा पल्लवीला बाजूला घेऊन म्हटलं, "शिक, पण जरा जपून." ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, काय जपून?"

आम्ही एकेक स्पर्धा खेळत गेलो आणि तारापूरजवळच्या एका गावातल्या त्याच मोठ्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोहोचलो. समोर तोच संघ. ठेकेदाराचा. तो स्वतः पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, आणि त्याच्या मागे निळ्या शर्टांची ओळ. त्या ओळीत सुनंदाताईचा नवरा.

सामन्याआधी नाना माझ्या कानाशी आले. "आज तिला बाहेर बसवूया काय?"

"आणि चढाई कोण करणार? एकटी पल्लवी?"

"तेच तर," नाना म्हणाले. त्यांचा आवाज इतका कोरडा मी कधी ऐकला नव्हता.

सुनंदाताई चार हातांवर पायाला पट्टी गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण पट्टी गुंडाळायची थांबली.

मी तिला खेळवलं. सूर्य झाडांमागे उतरत होता, दिवे नुकतेच लागले होते, आणि ती जशी खेळली तशी मी तिला कधीच पाहिली नव्हती. तरीही सामना आमच्या हातून निसटत गेला. त्यांची पकड भक्कम होती. शेवटच्या चढाईची वेळ आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. मी बाद होऊन रेषेमागे बसले होते. मैदानात आमच्या तिघीच उरल्या होत्या: सुनंदाताई, पल्लवी आणि एक बचावातली मुलगी.

"पल्लवीला पाठव!" नाना ओरडले.

पल्लवीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तिलाच जाऊ द्या."

मी सुनंदाताईकडे बोट केलं.

ती गेली. डावीकडून. तिचा आवाज गर्दीत ऐकूच येत नव्हता, फक्त ओठ हलताना दिसत होते. हात धरलेल्या समोरच्या मुलींची साखळी पुढे आली, तिनं त्या साखळीला कडेकडेनं ओढत नेलं, बाजूच्या रेषेला जवळजवळ टेकली, आणि एका क्षणात वाकून दोघींच्या पायांना हात लावून उडी मारली. कोपऱ्यातली तिच्या घोट्यावर पडली, धूळ उठली, आणि धुळीतून सुनंदाताईचा हात मध्यरेषेपलीकडे आला. पंचांनी दोन बोटं वर केली. दोन गुण. शिट्टी. आम्ही जिंकलो होतो.

आमच्या मुली मैदानात धावल्या. पल्लवीनं तिला उचलायला हात घातले. आणि सुनंदाताई उभी राहिली, मुलींना बाजूला सारलं आणि एक हात वर केला. पंचांकडे बघत म्हणाली, "साहेब, शिवायच्या आधी माझा पाय बाहेर गेला व्हता."

झटापट सुरू होण्याआधी चढाई करणारीचा पाय बाजूच्या पट्टीत गेला तर ती बाद. हा साधा नियम. त्या बाजूच्या पंचांसमोर कोपऱ्यातली आडवी आली होती, त्यांना काही दिसलं नव्हतं. समोरच्या संघानंही तक्रार केली नव्हती. त्यांनाही कळलं नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत राहिले. पंच एकमेकांशी बोलले. मग त्यांनी ती दोन बोटं मिटली आणि गुण समोरच्यांना दिला.

पहिल्या रांगेत पांढरा शर्ट उठून टाळ्या वाजवत होता. मला एवढंच दिसलं. खिलाडूवृत्तीला दाद देत होता की ठरल्याप्रमाणे झालं म्हणून, ते मी आजही सांगू शकत नाही. नाना जमिनीवर बसले. "विकली," ते म्हणाले. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "पुन्हा विकली! या खेपेला देवाचं नाव घेऊन विकली!"

बक्षीस समारंभ चालू असताना मी तिला शोधत गेले. ती पाण्याच्या टाकीपाशी एका दगडावर बसली होती, पाय धुवायच्या तयारीत. माझी नजर तिच्या पायांवर गेली. बाजूच्या रेषेची फक्की टाचेला लागली असेल तर दिसेल, असा माझा विचार होता. तो माझ्या तोंडावर लिहिलेला असावा. तिनं उजवा पाय उचलला आणि तळवा माझ्यासमोर धरला.

"बघ," ती म्हणाली. "बघायलाच आलीस ना?"

तळव्याला फक्की होती. मग तिनं डावा धरला. त्यालाही होती. अर्धा तास त्या मैदानात नाचलेल्या कुणाच्या पायाला नसणार? माझ्या स्वतःच्या दोन्ही पायांना होती.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मग?" म्हणाली, आणि तांब्यानं पाणी ओतलं.

त्या आठवड्यात संघाची बैठक झाली आणि पुढच्या हंगामाला सुनंदा नको असं ठरलं. कुणी आरोप केला नाही. "वय झालं," असं म्हटलं गेलं. ठराव करताना माणसं किती सभ्य होतात. मी विरोध केला नाही, बाजूही घेतली नाही. मला खरंच माहीत नव्हतं. एखादी बाई जिंकलेला सामना सोडून खरं बोलते यावर विश्वास ठेवावा, की सामना सोडायची याहून सुरक्षित रीत कुठली नाही हे ओळखावं? दोन्ही बाजूंना तोच एक वर केलेला हात होता.

पल्लवीचं नाव त्या वर्षीच्या यादीत आलं नाही. तिचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं, पण ती एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी निवड झाली, मग राज्याला खेळली, आता पोलिसात आहे. थंडीत रजा काढून येते, माझ्याकडे वाळवलेल्या बोंबलांची चटणी आणि भाकरी खाते. मागच्याच आठवड्यात आली होती. गप्पांत सुनंदाताईचं नाव निघालं.

"पाय बाहेर गेला होता, ताई. मी पाहिला."

"तू पलीकडच्या टोकाला होतीस. मध्ये पाच जणी होत्या. कुठून पाहिलास?"

"पाहिला म्हणजे पाहिला," ती म्हणाली. पोलिसातली मुलगी, साक्ष म्हणजे काय ते तिला शिकवायला नको. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी चटणीची वाटी तिच्यापुढे सरकवली.

पण मी त्या अंतिम सामन्यानंतरच्या हंगामाबद्दल बोलायला हवं. पल्लवीला हे मी कधी सांगितलं नाही. ती तेव्हा जिल्ह्याच्या शिबिराला गेली होती.

सुनंदाताईला वाडा तालुक्यातल्या एका लहान संघानं घेतलं. शेतकऱ्यांच्या मुली, पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत उतरलेल्या. पालघरच्या एका स्पर्धेत आमची त्यांच्याशी गाठ पडली. सामना चुरशीचा झाला. शेवटाकडे ती चढाईला आली, माझ्याच कोपऱ्यावर. मी खाली वाकलेली, डोळे जमिनीवर. आणि मी पाहिलं. या खेपेला मध्ये धूळ नव्हती, कुणी आडवं नव्हतं. मला शिवण्याच्या आधी तिचा पाय बाजूच्या रेषेपलीकडे अख्खा टेकला. मग तिनं मला हात लावला आणि ती परत गेली. पंचांनी बोट वर केलं.

"साहेब, पाय बाहेर होता!" मी ओरडले.

"मला नाही दिसला," पंच म्हणाले.

मी तिच्याकडे वळले. "सुनंदाताई, सांग ना."

ती धापा टाकत मध्यरेषेपलीकडे उभी होती. तिच्या मुलींनी तिच्याभोवती कोंडाळं केलं होतं. "पंचांना विचार," ती म्हणाली.

त्या एका गुणानं आम्ही हरलो. नाना तर जवळजवळ आनंदात होते. "बघितलंस? मी काय बोलत व्हतो? हीच तिची जात," ते सगळ्यांना सांगत सुटले. संघातल्या मुलींना हायसं वाटलं. वर्षभर डोक्यात अडकलेलं कोडं सुटलं होतं. मला मात्र ते त्याच क्षणी जास्तच अडकलं. जिला गप्प बसता येतं, ती वर्षापूर्वी का बोलली?

मी तिच्या मागे गेले. त्यांचा टेम्पो रस्त्याकडेला उभा होता, मुली सामान चढवत होत्या.

"गेल्या वर्षी हात वर केलास," मी म्हटलं. "आज का नाही केलास?"

ती रागानं काही म्हणेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज शांत होता. चढाईतल्यासारखा, खालच्या पट्टीतला.

"मंगल, तुमच्याकडं व्हते तवा तुमी सगळ्या माझ्याकडं बघत व्हतात. झोपले तरी बघत व्हतात. मला वाटलं, एकदा सगळ्यांसमोर खरं बोलून दाखवीन, मग तरी बघायच्या थांबतील." तिनं खांद्यावरची पिशवी सरकवली. "तुमी माझे तळवे बघितलेत."

"आणि इथे?"

"हिथं मला कोन बघत नाय. या पोरी माझ्याकडं पाठ करून कपडे बदलतात. आज मी हात वर केला असता तर त्या हरल्या असत्या. त्यांना का हरवू? तुमच्यासाठी?"

"पण ते खोटं होतं."

"व्हतं," ती म्हणाली. "खोटं बोलले मी. आता तुला माहीत हाय. आता तरी बरं वाटलं?"

टेम्पोतून एका मुलीनं हाक मारली, "ताई, चला, उशीर झाला." आणि उत्तराची वाट न बघता खाली उडी मारून तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, जशी आपण आईच्या हातातली घेतो. सुनंदाताई चढली. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मनात तिचं बोलणं पुन्हा उलटंसुलटं करून पाहू लागले: कुठे सांधा दिसतोय का, कुठे काही लपवलंय का, हेही आधीपासून ठरवून बोलली नसेल ना. टेम्पो वाड्याच्या वळणाला दिसेनासा झाला, तरी माझं ते चालूच होतं.